पान, अक्षर आणि समास

वाचकाचा विचार मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत पुष्कळ केला आहे. अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, सहृदय, रसिक अशा नाना नावांनी तो आपल्या लेखनात वावरत असतो. या वाचकाला मन असते, संस्कार असतात, अपेक्षांचे क्षितिज असते. डोळे मात्र असल्याचे सहसा आढळत नाही. संहिता त्याच्यापर्यंत कोणत्या आकाराच्या अक्षरांत पोहोचते, ती वाचताना त्याला कागद कोठे धरावा लागतो, हे प्रश्न मुद्रणव्यवसायाकडे किंवा ग्रंथपालाकडे सोपवून समीक्षा पुढे जाते. नांदगाव पेठ येथील एका निवृत्त मराठी अध्यापकांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी ही सोय उरली नाही. दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढून झाले होते; परंतु पीतबिंदूचा ऱ्हास होत चालल्याचे निदान झाले, आणि ज्या शब्दाकडे पाहावे नेमका तोच धूसर होऊन आजूबाजूचे शब्द तेवढे शाबूत राहावेत असा अनुभव त्यांना रोज येऊ लागला. भिंगाने अक्षर मोठे होई, पण ओळ हरवे. ओळ हरवली की वाक्याची गती जाते, आणि गती गेलेल्या वाक्याचे केवळ शब्दार्थ हाती लागतात. ज्यांनी आयुष्यभर महानुभाव गद्य शिकविले, त्यांना हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे नांदगाव पेठ हे गाव आज बाहेरच्यांना औद्योगिक वसाहतीमुळे, तेथील कापडगिरण्यांमुळे आणि १३५० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे ठाऊक आहे. मराठीच्या अभ्यासकाला त्याचा दुसरा शेजार अधिक जवळचा वाटावा. याच जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांच्या लेखनाशी जोडलेले, श्रीगोविंदप्रभूंचे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचेही. या अध्यापकांच्या टेबलावरचे पुस्तक त्याच भूमीचे होते. विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादित केलेल्या ‘श्रीगोविंदप्रभुचरित्रा’ची ही जुनी प्रत त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेली. तिच्या समासांत गुरूंच्या लाल शाईतील टिपणे आहेत आणि त्यांच्याखाली, कधी त्यांना उत्तर म्हणून, कधी नुसतेच प्रश्नचिन्ह म्हणून, शिष्याची शिसपेन आहे. चाळीस वर्षांत त्या समासांत जे साठले ते एकत्र करून लिहून काढण्याचा त्यांचा संकल्प होता. डोळ्यांनी त्याला मुदत घालून दिली.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकविणाऱ्या माजी विद्यार्थ्याने ई-रीडरची सूचना केली. सरांनी ती लगेच स्वीकारली असे नव्हे. घरातून आलेली पहिली प्रतिक्रिया तर अगदी सरळ होती: ‘‘इतले पुस्तकं घरात हायेत, अन् हे अजून कायले पायजे?’’ पत्नीच्या या प्रश्नाला त्यांनी त्या वेळी उत्तर दिले नाही. एका वहीत मात्र, शोधनिबंधाची टाचणे काढावीत तशी, आपल्याला उपकरणात काय हवे याची नोंद सुरू केली.

या वहीचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. जाहिरातींत ज्यांना वैशिष्ट्ये म्हटले जाते त्यांपैकी बहुतेक नोंदी पहिल्या आठवड्यातच खोडल्या गेल्या. उपकरण पाण्यात पडले तरी बिघडत नाही, यात त्यांना रस नव्हता. हजारो पुस्तके मावतात, याचेही अप्रूप वाटले नाही. त्यांना एक पुस्तक वाचायचे होते. बॅटरी कित्येक दिवस पुरते, ही गोष्ट वऱ्हाडातील उन्हाळ्यात नक्कीच उपयोगाची. पण ती या जातीच्या सर्वच उपकरणांत असल्याने निवडीला तिचा उपयोग नव्हता. इलेक्ट्रॉनिक शाईचे तंत्रच तसे आहे. पडद्यात सूक्ष्म कोश असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विद्युतभाराने यांपैकी एक जात वर येते आणि तेथेच थांबते. पान बदलताना वीज लागते, पान दिसत राहण्यासाठी लागत नाही. पडदा डोळ्यांवर उजेड फेकत नाही, बाहेरचा उजेड परतवितो, म्हणून अंगणातल्या उन्हातही तो कागदासारखाच वाचता येतो. रात्रीसाठी पडद्याच्या कडेने दिवे असतात. पीतबिंदूच्या विकारात अक्षराला जादा उजेड हवा असतो. त्यामुळे दिव्याची नोंद वहीत कायम राहिली, आणि पान उलटण्यासाठी खरे बटन असावे ही नोंदही बराच काळ टिकली. बटन असलेली उपकरणे अलीकडे दुर्मीळ होत गेली आहेत; ॲमेझॉनच्या किंडल मालिकेत ते ज्या ‘ओएसिस’मध्ये होते त्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले.

निवडीला खरा आरंभ झाला तो एका शब्दापासून. कोणाच्याही हाती ई-रीडर दिसला की सर त्यावर एकच शब्द उमटवून पाहात: ‘वऱ्हाड’. या शब्दातील अर्धा र हा रफार नव्हे. तो रफार होऊन ह-च्या डोक्यावर चढला की शब्दाचा उच्चारच बदलतो, आणि वऱ्हाडातल्या माणसाला आपल्या प्रदेशाचे नाव चुकीचे वाचावे लागते. हिंदीला या अर्ध्या र-ची गरज नाही. म्हणून देवनागरी येते असे सांगणाऱ्या उपकरणाला मराठी येतेच असे नाही. युनिकोडमध्ये हे चिन्ह दोन प्रकारे लिहिता येते: एक ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरे साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य सांधा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकात एका प्रकारे लिहिलेले ‘वऱ्हाड’ दुसऱ्या प्रकारे शोधले तर यंत्र निर्विकारपणे सांगू शकते की असा शब्द येथे नाही. ल आणि श यांच्या मराठी वळणांचीही कथा अशीच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून ही वळणे अधिकृत केली. परंतु ती पडद्यावर उमटावयाची तर टंकात ती असावी लागतात, आणि पुस्तकाच्या फाइलीत ‘ही भाषा मराठी’ अशी खूण असावी लागते. ती खूण करण्याचे प्रकाशकाच्या ध्यानी न आले तर मराठी कादंबरी हिंदी वळणाच्या ल-ने छापली जाते. वाचकाला आपला टंक स्वतः घालता यावा, ही नोंद त्यामुळे वहीत वर सरकली.

इतिहास थोडक्यात असा. इलेक्ट्रॉनिक शाईची कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत निघाली, या शाईचा पहिला ई-रीडर २००४ मध्ये जपानात आला, किंडल २००७ मध्ये. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मलयाळम यांच्याबरोबर. म्हणजे इंग्रजी वाचक ज्या काळात आपल्या आवडीनिवडी घडवीत होता, तो सगळा काळ मराठी वाचक बाहेर उभा होता. तो आत आला तेव्हा आवडीनिवडींची यादी तयार होती, आणि ती दुसऱ्याच कोणाची तरी होती.

शब्दकोशाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. शब्दावर बोट ठेवावे आणि अर्थ समोर यावा, ही या उपकरणांची फार वाखाणली जाणारी सोय. इंग्रजीत शब्दाची रूपे थोडी असतात. मराठीत ‘पाण्याला’, ‘पाण्यातून’, ‘पाण्यावाचून’ यांपैकी काहीही दाबले तरी कोशातील ‘पाणी’पर्यंत जायला सामान्यरूपाचे ज्ञान लागते. कोशकाराने रूपांचे कोष्टक जोडले नसेल तर यंत्र ओशाळून गप्प बसते. महानुभाव गद्याबाबत तर प्रश्नच नको. तेथे ‘जाले’ आणि ‘झाले’ हे एकाच क्रियापदाचे रूप आहे हेही त्याला कोणीतरी शिकवावे लागेल. सरांनी ही नोंद खोडली नाही. तिच्यापुढे फक्त लिहिले: ‘पुढच्या पिढीसाठी’.

येथवर प्रश्न अक्षराचा होता. त्याच्यामागे पानाचा प्रश्न उभा होता, आणि तो अधिक अवघड निघाला.

ई-रीडरवरील मजकूर दोन प्रकारचा असतो. पहिला प्रवाही: अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात, पाने वाढतात, मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो. दुसरा स्थिर: पान जसे छापले तसे चित्रासारखे समोर येते, मोठे केले तर सगळेच मोठे होते आणि ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो. क्षीण दृष्टीच्या माणसाला पहिला प्रकार हवा. मराठीतील अभ्यासाची सामग्री मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारात आहे. जुन्या ग्रंथांची पाने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमात आणि नंतर इंटरनेट आर्काइव्हवर आली ती छायाचित्रे म्हणून. साहित्य संस्कृती मंडळाचे ग्रंथ विनामूल्य मिळतात ते पीडीएफ स्वरूपात. एक उपहास असा की, १९९० नंतर संगणकावर जुळविलेली मराठी पुस्तके खिळ्यांच्या पुस्तकांपेक्षा मोकळी असावीत अशी अपेक्षा करावी, तर तसे नाही. प्रत्येक टंककाराची अक्षरसंकेतांची जुळणी निराळी होती. त्या टंकाविना फाइलीतून मजकूर बाहेर काढला की हाती येतात अर्थहीन रोमन चिन्हे. संगणकावर जन्मलेले पुस्तक संगणकालाच वाचता येत नाही, ही आपल्या मुद्रणेतिहासातील एक गोष्ट स्वतंत्र अभ्यासाला योग्य आहे.

तेव्हा ई-रीडरची निवड ही वाचकाच्या आवडीची बाब आहे, हे विधान मराठीपुरते तरी अपुरे मानावे लागते. काय आवडावे हे येथे संहितेच्या जतनाच्या रीतीने आधीच ठरवून ठेवलेले असते.

प्रवाही मजकुराविरुद्ध अभ्यासकाची नेहमीची तक्रार अशी की त्यात पान उरत नाही, आणि पान नाही तर संदर्भ कसा द्यावा? सरांना ही तक्रार अर्धीच पटत असे. जुन्या मराठी ग्रंथांनी आपला पत्ता पानावर ठेवलेलाच नव्हता. ओवीला अध्याय आणि क्रमांक असतो, लीळेला क्रमांक असतो. पोथीचे पान लेखकागणिक बदलणार हे गृहीतच होते. पृष्ठांकावर अवलंबून राहणे ही छापखान्याने लावलेली सवय आहे, आणि ती कादंबरीच्या अभ्यासकाला जितकी अडविते तितकी चरित्रग्रंथांच्या अभ्यासकाला अडवीत नाही. अर्थात लीळांचे क्रमांकही पाठापाठांत जुळत नाहीत, हे जाणकारांना सांगावयास नको. पद्याची अडचण वेगळी. अक्षर चोवीस पॉइंटांचे केले की लहान पडद्यावर एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात. ओवीचा चरण मध्येच मोडतो, आणि तो मोडला आहे की तेथेच संपला आहे, हे पडद्याकडे पाहून समजत नाही. गद्याच्या वाचकाला ही हानी सहन करता येते.

दरम्यान माजी विद्यार्थ्याने एक विनामूल्य वाचनप्रणाली दाखविली. ‘केओरीडर’ नावाची ही प्रणाली काही उपकरणांवर घालता येते, आणि ती पानाच्या चित्रातील पांढऱ्या फटी ओळखून एकेक शब्द चित्रासारखाच कापते व मोठा करून नव्या ओळींत मांडते. अक्षरे तिला कळत नाहीत. शब्दामधले अंतर कळते. देवनागरीला येथे शिरोरेषेचा अनपेक्षित फायदा मिळतो: रेषेने बांधलेला शब्द मध्येच सहसा तुटत नाही. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत जेथे रेषा खंडित झाली तेथे मात्र शब्दाचे तुकडे दोन ओळींत विखुरतात. सर हसून म्हणाले, ‘‘बरे झाले, छापील प्रत आहे. पोथी असती तर या यंत्राने काय कापले असते?’’ पोथीत शब्द तोडून लिहिण्याचा प्रघातच नव्हता. सलग अक्षरांतून शब्द वेगळे करणे हे वाचकाचे काम होते.

पोथीच्या उल्लेखावरून त्यांच्या बोलण्यात सकळ लिपीचा विषय निघाला. ई-पुस्तकांची कुलूपबंद फाइल म्हणजे आधुनिक सकळ लिपीच, असे विद्यार्थ्याने म्हटले. दोन्हींत मजकूर समोर असूनही किल्लीवाचून वाचता येत नाही, इतके साम्य खरे. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत राहिल्याने पंथाबाहेरच्या वाचकांना कित्येक शतके अज्ञात होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ते उजेडात आले, हा इतिहास वर्गात शिकविलेलाच होता. सरांनी तरीही तुलना नाकारली. सकळ लिपीची किल्ली वाचणाऱ्याच्या डोक्यात असे. गुरूकडून शिष्याकडे ती गेली की कोणाला परत मागता येत नसे. ई-पुस्तकाची किल्ली विकणाऱ्याजवळ राहते. २००९ च्या जुलैमध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून दुरूनच पुसल्या गेल्या होत्या, विकणाऱ्याला हक्क नव्हते असे कारण देण्यात आले, पैसे परत झाले, कंपनीच्या प्रमुखांनी पुढे क्षमाही मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तर विकत घेतलेले किंडल-पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही बंद झाली. ज्यांची सारी पूंजी एका पुस्तकाच्या समासांत आहे अशा माणसाने या दुकानाच्या दाराशी किती उभे राहावे? दुकान कोणतेही असो, आपल्या फाइली आपल्या हाताने आत घालता व बाहेर काढता आल्या पाहिजेत, ही अट वहीत अधोरेखित झाली.

ऐकण्याचा पर्याय काहींनी सुचविला होता. तो थोडक्यात निकालात निघाला, कारण यंत्राला मोठ्याने वाचावयास आधी मजकूर लागतो. चित्र तो वाचून दाखवीत नाही.

मग मापांचा हिशेब झाला, आणि तो पूर्णतः शालेय भूमितीचा होता. सहा इंची पडदा म्हणजे सुमारे ३.६ इंच रुंद व ४.८ इंच उंच. डेमी आकाराच्या पुस्तकातील छापील मजकुराचा पट्टाच चार इंचांच्या आसपास असतो. म्हणजे लहान ई-रीडर पान मोठे करण्याऐवजी लहानच करतो. १०.३ इंची पडदा ६.२ इंच रुंद असतो. समास कापले तर अक्षर दीडपट होते, आणि पडदा आडवा धरला तर रुंदी ८.२ इंच मिळून दुप्पट. बारा पॉइंटांचे अक्षर चोवीसचे होते आणि एका वेळी सुमारे अर्धे पान दिसते. सरांना अक्षर नेमके एवढेच मोठे लागे. मोठ्या उपकरणाचे वजन लहानाच्या दुपटीहून अधिक, बटन नाही, किंमतही बरीच. बटनाची नोंद त्या दिवशी खोडली गेली.

पण ‘समास कापले तर’ या तीन शब्दांपाशी हिशेब अडला. समास कापण्यासाठी हे सारे चाललेच नव्हते.

विद्यार्थ्याने पुस्तकाची काही पाने दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने टिपून आणली होती. पिवळा कागद पडद्यावर करडा दिसे आणि करड्यावर काळे वाचणे या डोळ्यांना अवघड होते, म्हणून त्याने चित्रे पांढरी करून घेतली. प्रणाली एक मर्यादा ठरविते. तिच्यापेक्षा फिके ते पांढरे, गडद ते काळे. छापील अक्षरे लख्ख उमटली. सरांनी कित्येक महिन्यांनंतर एक सबंध लीळा न अडखळता वाचली. नंतर त्यांनी समासाकडे पाहिले तर तेथे काहीच नव्हते. शिसपेन फिकी असते. यंत्राने ती कागदाचा डाग समजून पुसली होती. मर्यादा खाली आणली तर शिसपेन परत येई, पण तिच्याबरोबर कागदाचा करडेपणा, मागच्या पानावरची उमटलेली अक्षरे आणि पाण्याचे जुने ओघळही येत. लाल शाई टिकली होती, पण काळी होऊन. पडद्यावर गुरूंचे टिपण आणि छापील तळटीप यांचा रंग एकच झाला.

रंगीत इलेक्ट्रॉनिक शाईचे पडदे आता मिळतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची जाळी बसविलेली असते. जाळीमुळे पडदा काळवंडतो, आणि रंगाचा बारकावा काळ्या अक्षरांच्या निम्माच मिळतो. लाल वेगळे दिसावे म्हणून उजेड गमवावा लागतो. ज्याचे डोळे उजेडावरच चालले आहेत त्याला ही देवघेव परवडत नाही. येथे गुरूंचा हात ओळखणे आणि मूळ ग्रंथ वाचणे यांत निवड करावयाची होती. पाठचिकित्सेचे धडे देणाऱ्या माणसावर, दोन हस्तांचा भेद ज्यात नाहीसा होतो असे साधन हाती घेण्याची वेळ आली, असेही म्हणता येईल. त्यांनी स्वतः मात्र त्याकडे तसे पाहिले नाही. प्रत एकच असावी असे कोठे आहे, असे ते म्हणाले.

काळ्या-पांढऱ्या पडद्याचे, लेखणीने लिहिता येणारे दहा इंची उपकरण आले. प्रत्येक पान दोनदा टिपले गेले: एकदा पांढरे करून वाचण्यासाठी, एकदा करडे ठेवून समासासाठी. करड्या पानावर टिपण आहे एवढे सरांना दिसते, पुरते वाचता येत नाही. गुरूंचा जुन्या वळणाचा अ आणि झ काही ठिकाणी हात ओळखू देतात. बाकीच्या ठिकाणी नाही. म्हणून संध्याकाळी मूळ पुस्तक पत्नीच्या मांडीवर असते. त्या टिपण वाचतात आणि आधी रंग सांगतात, ‘‘लाल’’ किंवा ‘‘शिसपेन’’. सर पडद्यावर त्या जागी ‘गु.’ किंवा ‘शि.’ असे लिहून टिपण मोठ्या अक्षरांत उतरवितात. सुरुवातीस त्या केवळ वाचून दाखवीत. आता मध्येच थांबून विचारतात की येथे राऊळांनी असे काहून केले, आणि लाल टिपणात दिलेले कारण त्यांना पटले नाही तर तसे सांगतात. त्यांच्या दोन शंका सरांनी ‘शि.’ खाली न लिहिता निराळी खूण करून नोंदविल्या आहेत.

काम निम्म्याच्या पुढे गेले आहे. पुस्तकाची बांधणी जेथे घट्ट आहे तेथे आतल्या समासातील काही लाल ओळी शिलाईत शिरलेल्या आहेत. कॅमेऱ्याला त्या मिळत नाहीत आणि पान दाबून धरले तरी बाईंना शेवटची अक्षरे लागत नाहीत. शिलाई सोडविल्यास ती वाचता येतील. गुरूंनी ही बांधणी स्वतः करून घेतलेली होती. ती पाने तूर्त बाजूला ठेवून पुढच्या लीळा घेतल्या जात आहेत.